रस्ता वळेपर्यंत

घाटंजीच्या स्टँडवर उतरले तेव्हा दुपार टळत आली होती आणि माझी मान पुण्यापासून आखडलेली होती. सोबत माझी विद्यार्थिनी कविता. मी जपानी शिकवते; इतकी जीव लावून शिकणारी मुलगी क्वचितच मिळते. पंधरा दिवसांनी ती ओसाकाला, म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात नोकरीला जाणार होती. त्याआधी तिला मला आपला तांडा (बंजारा वस्ती) दाखवायचा होता. खरं कारण रिक्षात कळलं. आईनं अजून हो म्हटलं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही सांगसान त ऐकन ते."

तांड्यात शिरताच तिची आई हात पसरून धावत आली. आणि आमच्या कविताबाईंनी काय करावं? दोन हात लांब थांबून, मी शिकवलं तसं कमरेतून वाकून "तादाइमा" (आले मी) म्हटलं. मला दाखवायला. मीही मूर्खासारखी खूश झाले. आईचे हात हळूहळू खाली आले.

तेवढ्यात शेजारच्या अंगणात दोन बाया गळ्यात गळा घालून मोठ्यानं, सुरात रडायला लागल्या. मी हादरले.

"कोण गेलं गं?"

"कोनी नाही, मॅडम. बहिनी हायेत. लय दिवसानं भेटल्या."

मधल्या काळात कोण गेलं, काय सोसलं, ते सगळं त्या रडण्यात सांगायचं आणि मग चहा प्यायचा, अशी इथली रीत. मी कविताकडून आरशासमोर करून घेतलेली वाकण्याची तालीम आठवली आणि लाज वाटली.

रात्री जेवायला बाटी (ज्वारीची भाकरी) आणि अंबाडीची भाजी होती. कविता आईला याडी म्हणते. याडी मला आग्रह करकरून वाढत होती, पोरीशी मात्र अक्षर बोलत नव्हती. शेवटी मलाच म्हणाली, "बाई, आठ महिन्यानं आली पोरगी, न् दुरूनच वाकली. अजून गेली बी नाही, न् पाव्हनी झाली. तेथं कोनी कोनाले धरत नाही म्हनते. मंग इले रडू आलं त रडन कोनापाशी?"

तिकडची शिस्त, सुरक्षितता यांवर मी भाषण तयार करून आणलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

"माझी आई गेली तेव्हा मी ओसाकातच होते," मी म्हटलं. "शेजारच्या आजींनी मला जवळ नाही घेतलं. पण टॅक्सी निघाली तेव्हा त्या फाटकात वाकल्या. मी मागे बघत होते. गाडी वळेपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या, भर पावसात."

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. याडीनं परात बाजूला सारली, मला धरलं आणि सुरात रडायला लागली. माझ्या आईसाठी. शब्द कळत नव्हते. आधी मला माझ्या हातांचं काय करावं ते सुचेना, मग त्यांचं त्यांनाच सुचलं. कितीतरी वर्षांचं रडू त्या चुलीपाशी निघालं.

पदरानं नाक पुसत याडी म्हणाली, "अशी एखांदी म्हातारी इले बी भेटली पाह्यजे." मग पोरीकडे वळली. "जाय. पन आधी इकडे ये."

सकाळी आम्ही निघालो तेव्हा याडी सडकेवर उभी होती, आणि रिक्षा वळेपर्यंत ती हलली नाही.

पंधरा दिवसांनी कविता माझ्याच घरून विमानतळावर गेली. गाडीत बसताना म्हणाली, "इत्ते किमासु" (जाऊन येते). त्याचं ठरलेलं उत्तर, 'इत्तेराश्शाई' (जाऊन ये), मी वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलंय. ते काही तोंडातून फुटलं नाही. मी तिला ओढून घट्ट धरलं, मोठ्यानं रडले, शेजारचे गॅलरीत आले तरी रडले. मग गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत रस्त्यात उभी राहिले.