खालच्या फळीचा कापूस

ताई चहा उभ्यानेच प्यायची. पिंजऱ्याची कडी दोनदा ओढून बघायची. उंदराला उचलताना "चल रे बाळा" म्हणायची. जिन्यात सगळ्यांच्या पुढे असायची आणि मागे वळून बोलायची. तिला स्वस्थ बसता येत नसे.

संशोधन केंद्रात सगळेच तिला ताई म्हणत. तिच्याकडे उंदीर होते, माझ्याकडे अहवालांची भाषा. मी साहित्य शिकलो, म्हणून ती मला कवी म्हणायची. मी कवितेची ओळही लिहिलेली नाही.

उंदरांच्या तीन फळ्या होत्या. वर नर, मधे माद्या, खाली अंडाशयं काढलेल्या माद्या. सगळ्यांना फ्लूचा एकच विषाणू दिलेला. मधल्या माद्या लवकर सावरत. वरचे आणि खालचे अंग आक्रसून बसत, फुप्फुसांची सूज उतरता उतरत नसे. खालच्यांपैकी काहींना स्त्रीसंप्रेरक टोचलं की त्या मधल्यांसारख्या हिंडू लागत. विषाणूवर किती चिडायचं आणि कधी शांत व्हायचं, हे संप्रेरक शरीराला सांगत असावं, असं मी लिहिलं.

"चिडायचं नको. दुसरा शब्द बघ," आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या.

"राहू द्या की," ताई म्हणाली. "मला तेवढंच कळलं."

खालच्यांना थंडी वाजते, म्हणून ती त्यांच्या पिंजऱ्यांत कापूस पिंजून ठेवायची. तेच करत असताना तिच्या शेजारणीचा फोन आला. ताईच्या भावाला फ्लू झाला होता, अंथरुणातून उठवत नव्हतं. घरी ती बहीणभावंडं दोघंच.

"मी जातो," मी म्हणालो.

"तू? वरच्या फळीवरचा? एकाला सांभाळू की दोघांना?" तिने हातमोजे काढले. "मधल्या फळीवरचीलाच जाऊ दे."

दाराशी ती थबकली. मलाही तेव्हाच आठवलं. गेल्या वर्षी गाठीपायी तिची दोन्ही अंडाशयं काढली होती. दवाखान्यात डबा मीच नेत होतो.

"असा बघू नकोस, कवी. माणूस म्हणजे उंदीर नव्हे. बाईच म्हणतात."

"मग मधली फळी कशाला म्हणालीस?"

"त्याला पाणी कोण देणार?" ती म्हणाली. "आलेच. कापसाला हात लावू नका."

भाऊ बरा झाला. तोवर ती दवाखान्यात होती, नळीतून प्राणवायू घेत. मी तिच्या फोनवर फोन करायचो, ठेवायचो, पुन्हा करायचो. भेटू देत नव्हते. एका दुपारी तो भावाने उचलला. "ताई गेली," म्हणाला.

बाईंना मी विचारलं, "अंडाशयं असती तर?"

"एका माणसावरून सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. मग चष्मा पुसत राहिल्या.

मी उंदरांच्या खोलीत गेलो. दाणापाणी, भुसा, सगळं दुसऱ्यांनी वेळेवर केलं होतं. खालच्या फळीवर अर्ध्या पिंजऱ्यांत कापूस आहे. अर्ध्यांत नाही. टेबलावर तिने अर्धवट पिंजलेला गोळा तसाच पडला आहे.