नाक धरून बोलणं

पोरीला आसगावचं स्थळ मनापासून आवडलं होतं, आणि मी ते नाक धरून जवळजवळ घालवलं. कसं, ते सांगायचं तर माझ्या तोंडाच्या आतून सुरुवात करावी लागेल.

माझ्या टाळूला जन्मतः भेग होती. लहानपणीच ती शिवली. ओठ मुळातच शाबूत, त्यामुळे तोंड मिटलेलं असलं की कुणाला काही कळत नाही. उघडलं की कळतं. बोलताना निम्मा वारा नाकातून पळतो, आणि ‘प’, ‘क’, ‘ट’ फुसके पडतात.

यावरचा इलाज मला चुलीनं शिकवला. फुंकणीतून हवाच जाईना, म्हणून वैतागून एकदा नाक दाबलं, तर जाळ भपकन पेटला. अगं बाई! मग नाक दाबून बोलून पाहिलं. काकडी, टोपली, पोपट, सगळं खणखणीत. ‘म’चा तेवढा ‘ब’ व्हायचा, पण त्याला इलाज नाही. तेव्हापासून अड्याळच्या आमच्या किराणा दुकानात फोन आला किंवा नवं माणूस आलं, की माझी दोन बोटं पदराआडून नाकावर. नवरा चिडवतो, “नाक दाबलं की तोंड उघडते, हे तुलेच पाहून म्हटलं असंन कोणी.”

मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी आत घातली आणि समोर टीव्हीवर माझाच घसा दिसला. टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलून घशाच्या भिंतीला टेकला, की नाकाची वाट बंद होते. माझा तो भाग आखूड, टेकता टेकता राहतो. त्यांनी ‘काका’ म्हणायला लावलं, तर फट उघडीच. थुंकी गिळायला लावली, तर फट गच्च मिटली!

“गिळताना फट मिटते, मग बोलताना काहून नाही मिटत जी?” मी विचारलं.

“दोन्ही कामं वेगळी आहेत,” त्या हसल्या. माझं समाधान होईना, म्हणून मी आणखी तीनदा गिळून पाहिलं. पुन्हा ऑपरेशन करता येईल, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आधी पोरीचं जमू द्या.

त्याच आठवड्यात आसगावची मंडळी आली. त्यांच्या बोडीत, म्हणजे शेतावरच्या लहान तळ्यात, सकाळीच जाळं टाकलं होतं. मुलाच्या आईनं मोठ्या हौसेनं ताज्या मासोळीची पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली. आणि मी मेली, शब्द नीट उमटावेत म्हणून पदर नाकाला लावला, बोटं घट्ट दाबली आणि म्हणाले, “कायले तकलीफ घेतली जी!”

बाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, उन्हातून आल्या म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. “ते म्हणतात, ज्यायले आमच्या मासोळीचा वास सहन होत नाही, त्यायची पोरगी आमच्या घरी कशी नांदणार?” आता काय बोलावं! मासोळी आम्ही खातो, चांगली चापून खातो. मला स्वतःचा भयंकर राग आला.

नवरा म्हणाला, “कायबी सांग, पण टाळूचं सांगू नको. ऐकलं का सोयरीक मोडलीच समज.” पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “माय, तू कायले लाजते?”

मी एकटीच बसनं आसगावला गेले. मुलाच्या आईसमोर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पहिलं वाक्य नाकातूनच गेलं.

“समजलं नाही,” बाई म्हणाल्या. “पुन्हा सांगा.”

तिसऱ्यांदा त्यांना कळलं. मग मी सगळंच सांगितलं, फुंकणीपासून. त्या टक लावून ऐकत होत्या. “दाखवा बरं,” त्या म्हणाल्या आणि मोबाईलचा टॉर्च लावला. मी ‘आ’ केला. माझी हनुवटी धरून त्या आत वाकल्या. “वण दिसून राहिला. अन् मागचं ते हालते वो माय!” मला हसू आलं.

टॉर्च तसाच धरून त्यांनी विचारलं, “हे तुमच्या पोरीच्या लेकराले होऊ शकते काय?”

याच प्रश्नाची मला भीती होती. ‘नाही’ म्हणणं अगदी जिभेवर आलं होतं.

“होऊ शकते,” मी म्हणाले. “बहुतेक होत नाही, पण दुसऱ्यांपेक्षा धोका थोडा जास्त, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं.”

“अन् झालंच तर?”

“ऑपरेशन होते. तोवर लेकराले उभं धरून, चमच्यानं, घोट घोट दूध पाजा लागते. माझ्या मायनं मले तसंच जगवलं.”

त्यांनी टॉर्च बंद केला.

“मग मले आताच शिकवून ठेवा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही राहता अड्याळले. लेकरू तर माझ्यापाशी राहीन.”