माझा माणूस दारू पीत नव्हता

अक्षर वाईट आहे. मी चौथीपर्यंतच शिकले आणि त्यालाही खूप वर्षं झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील, त्याची माफी असावी. चारचौघांत मला बोलता येत नाही, तोंड सुकतं. म्हणून लिहिते.

त्या दिवशी मी नवी साडी नेसून आमगावच्या प्रार्थनाघरात गेले होते. बाहेरदेशचे पाहुणे येणार होते आणि पास्टरांनी मला साक्ष द्यायला बोलावलं होतं. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. साडी धानाच्या रोवणीच्या मजुरीतून घेतलेली. निळी, बारीक काठाची. तोंडाला थोडी पावडर लावली होती.

पास्टरबाईंनी दारातच मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"अरे, ये क्या पहन के आ गई? जुनी नाही का?"

मला वाटलं, साडीला कुठे चिखल लागला. मी मागचा पदर वळवून पाहू लागले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. रागाने नाही, हसून. पाहुणे फोटो काढणार. ते गरिबांसाठी मदत पाठवतात. तू अशी सजून उभी राहिलीस तर त्यांना वाटेल इथे काही गरजच नाही. दर रविवारी जेवणं झाली की तिथली भांडी मीच घासायचे, त्यासाठी एक विटकं लुगडं मागच्या दोरीवर असायचं. त्यांनी तिकडे बोट दाखवलं.

"ते नेस. आणि पावडर पुसून टाक."

मी न्हाणीच्या आडोशाला गेले. ते नेसले. पावडर पदराने पुसली. बाहेर आले तर पास्टरबाई म्हणाल्या, "हां, अब ठीक है." असं म्हणाल्या जसं काही भाजीत मीठ बरोबर झालं.

पाहुण्यांपुढे मी चार वाक्यं बोलले. नवरा आजारी पडला, वारला, मी एकटी पडले, येशूने धीर दिला. एवढंच. त्यानंतर पास्टर इंग्रजीत बोलले. खूप वेळ बोलले. माझ्या चार वाक्यांत एवढं काय होतं, मला कळेना. पाहुण्यांतली एक बाई रडायला लागली. तिने माझा हात धरला. पास्टर मध्ये मध्ये माझ्याकडे पाहायचे, "है ना, बहन?" म्हणायचे, आणि मी मान हलवायची. कोणीतरी मोबाइलमध्ये सगळं घेत होतं.

आता माझ्या माणसाबद्दल सांगते.

आम्ही ढिवर. माझा माणूस गावच्या तलावात मासे धरायचा, हंगामात धान कापायला जायचा. सुपारीसुद्धा खात नव्हता. एका वर्षी त्याचे डोळे पिवळे झाले. मग पोट फुगलं. हातपाय काड्या आणि पोट मडक्यासारखं. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कितना पीता है?" मी म्हटलं, पीत नाही. त्यांनी वर न पाहता कागदावर काहीतरी लिहिलं. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही जुनी कावीळ आहे, लिव्हर खाऊन गेली, दारूचा संबंध नाही. पण नागपूरचे डॉक्टर आमच्या गावात येऊन थोडेच सांगणार होते? ज्याने ते पोट पाहिलं त्याने दारू म्हटलं. त्याच्या सख्ख्या चुलतभावांनी म्हटलं. माझा माणूस खाटेवर पडून हसायचा.

"पेलो असतो तं बरं झालं असतं वो. फुकटचं नाव झालं."

शेवटी शेवटी हसणं बंद झालं. तेव्हा एकदा म्हणाला, "पोरीले सांगजो, तुहा बाप बेवडा नोहता." पोर तेव्हा चार वर्षांची होती.

पास्टर त्या दिवसांत आमच्याकडे आले. कोणीतरी सांगितलं होतं त्यांना. त्यांनी पोटावर हात ठेवून प्रार्थना केली. गाडी करून दिली, औषधं आणून दिली. त्यांचे ते उपकार मी नाकारत नाही. पण माणूस वाचला नाही. तेराव्याला सगळे म्हणाले, नशीब. सासरचे म्हणाले, माहेरचे म्हणाले. मला विचारायचं होतं की काऊन, कशासाठी? ज्याने काही केलं नाही त्यालाच काऊन? पण असं विचारलं की लोक माझ्या तोंडावर हात ठेवायचे.

एकदा सकाळी तलावाच्या पाळीवर धुणं घेऊन बसले होते. आजूबाजूला कोणी नव्हतं. पास्टर ज्याचं नाव घेऊन गेले होते त्याच्याशी मी बोलू लागले. माणसाशी बोलतात तशी. भांडलेच म्हणा. काऊन नेलं, ते सांग. उत्तर आलं नाही. आजही आलेलं नाही. पण त्याने मला विचारू दिलं. एवढ्या लोकांत त्याने एकट्याने विचारू दिलं. त्या दिवसापासून मी त्याची झाले. पुढे मीच आमगावला गेले आणि बाप्तिस्मा मागितला.

गावात लगेच झालं, पैसे खाऊन बाटली. जातीच्या लग्नात बोलावणं बंद झालं. मी म्हणायची, एक पैसा घेतला नाही.

पण एक गोष्ट झाली, तिचं मलाच नवल वाटतं. मला सांगावंसं वाटू लागलं. ज्या बाईला दुकानदाराला हळद मागताना लाज वाटते, तिला. मी पास्टरांना विचारलं तर ते म्हणाले, ही हाक आहे, देव बोलावतो, पण तुझं शिक्षण नाही, तू साक्ष तेवढी देत जा. मी मात्र रोवणीत सांगू लागले. रोवणीत बायका ओळीने वाकलेल्या असतात, सगळ्यांचे डोळे चिखलात. कोणी कोणाचं तोंड पाहत नाही. तिथे मला बोलता येतं. येशू कोणाकोणाच्या घरी जेवला, लोकांनी त्याला कशी नावं ठेवली, ते मी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावता लावता सांगायची. माझ्या शेजारी सयत्राबाई असायची. तिची जीभ म्हणजे विळा.

"तुह्या येशूले सांग, मालकाले दोन रुपये वाढवून दे म्हण."

बायका हसायच्या, मीही हसायची. पण दुसऱ्या दिवशी पऱ्ह्यांची पहिली पेंढी सोडली की तीच विचारायची, "हं, मंग? पुढं का झालं?" पास्टर तुला महिन्याचे किती देतात, असंही तिने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, काहीच नाही. तिने थोडा वेळ रोवलं आणि म्हणाली, "तुह्या तोंडावरून तं खरं वाटते." तेवढं मला पुरे होतं. बाकी माझ्याजवळ द्यायला होतं काय? तोंडच तेवढं होतं.

पाहुणे येऊन गेल्याला बरेच महिने झाले होते. पोर सातवीत होती. एक दिवस शाळेतून आली आणि जेवली नाही. दप्तर न काढता उंबऱ्यात बसून राहिली. मी दोनदा हाक मारली. मग खाली पाहत म्हणाली,

"माय, बाबा दारू पेत होते का?"

वर्गातल्या पोरांनी मोबाइलवर काहीतरी पाहिलं होतं. सयत्राबाईकडे मोबाइल होता. आम्ही तिच्या ओसरीत बसून पाहिलं. त्यात मी होते, विटक्या लुगड्यातली. आवाज पास्टरांचा, त्या दिवशीच्या इंग्रजीवर मागाहून हिंदीत भरलेला. या बहिणीचा नवरा शराबी होता. रोज मारायचा. घरची भांडी विकून प्यायला. पिऊन पिऊन मेला. मायलेकी उपाशी होत्या. मग प्रभूने यांना शोधलं. आणि मध्ये मध्ये माझी मान. हो, हो, हो.

पोर उठून गेली. सयत्राबाई म्हणाली,

"तू तं मान हालवून राहिली वो."

मी म्हटलं, मला इंग्रजी समजत नव्हतं. ती म्हणाली, "असन." पुढे म्हणाली, "पण आता तू वावरात सांगशील, तं आमी कोनतं खरं धरावं?"

मी तिथूनच उठले.

मी पास्टरांकडे गेले. पास्टर वाईट माणूस नाहीत, हे लिहिलं पाहिजे. पण त्यांना वाटत होतं की त्यांनी काही वाईट केलंच नाही. ते म्हणाले, या भागात घरोघरी दारू आहे, हे ऐकून दहा घरं सुधारली तर तुझ्या नवऱ्याचाही आत्मा खूश होईल. मेलेल्याचं काय बिघडतं? आणि नवरा वाचला नाही, प्रार्थना करूनही वाचला नाही, अशी साक्ष ऐकून कोण येईल, तूच सांग. पुढच्या महिन्यात मोठा मेळावा आहे. तिथे तू स्वतः हिंदीत हेच बोल. मी लिहून देतो.

मेळाव्याला मंडपात खूप लोक होते. गोंदियाहून गाड्या भरून आलेले. माझं नाव पुकारलं. माईक धरल्यावर मी वर पाहिलंच नाही. खाली सतरंजीकडे पाहिलं, धानाच्या बांधीतल्या चिखलाकडे पाहतात तसं. आणि माझ्याच बोलीत बोलले.

"माहा माणूस दारू पेत नोहता. काविळीनं मेला. परार्थना केली, तरी मेला. तरी माहा येशूवर विश्वास हाये."

बस. कोणी 'आमेन' म्हटलं नाही. पास्टर हसत पुढे आले, माईक घेतला. म्हणाले, बहीण घाबरली आहे. मग लोकांकडे पाहून म्हणाले,

"इनके पति के इलाज में मंडली ने कितना पैसा लगाया, आज बहन वो भी भूल गई."

मंडप माझ्याकडे पाहू लागला. साडी बदलायला लावली तेव्हा मला लाज वाटली होती. आता लाज वाटली नाही. आता डोकं एकदम साफ झालं. ती मदत नव्हती. ती माझ्या तोंडाची किंमत होती. गावचे लोक म्हणत होते की मी पैसे खाल्ले, आणि मी मान वर करून नाही म्हणत होते. खरं तर मी विकली गेले होते, मलाच कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी विचारलं, किती झाले होते? पास्टर म्हणाले, सोड ते, रागात निघून गेलं तोंडातून. मी त्याच्या पुढच्या रविवारी विचारलं. पुन्हा विचारलं. शेवटी पास्टरबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अठारा हजार." त्यांना पाठ होते.

त्यानंतर मी भांडी घासणं बंद केलं. ते अठरा हजार फिटेपर्यंत रोवणीत गोष्टी सांगणंही बंद केलं. उधारीच्या तोंडाने येशूची सुवार्ता सांगता येत नाही. ते सगळ्यात जड गेलं. हाक येत होती, आणि मी तोंड मिटून पऱ्हे लावत होते. सयत्राबाई पहिल्या पहिल्यांदा टोमणे मारायची, येशू सुट्टीवर गेला का म्हणून. मग तिने तेही सोडलं. मोहफुलं वेचली, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला, धान कापायला दवनीवाड्याकडे बहिणीच्या गावी जाऊन राहिले. दोन वर्षं पोरीने फाटकं दप्तर शिवून नेलं. ती एकदा म्हणाली, "त्याइनं बाबाले असं म्हटलं, तरी तू परार्थना कायले करते?" मी म्हटलं, येशू मला पास्टरने दिला नाही. तो मला तलावाच्या पाळीवर भेटला. तिचा विश्वास आहे की नाही, मी विचारत नाही. तिलाही विचारू दिलं पाहिजे.

जमतील तसे देत गेले. शेवटचे द्यायला गेले तेव्हा पास्टर टेबलापाशी बसले होते. बाईंनी चहा आणला, कपबशीत. मी घेतला नाही. पास्टर म्हणाले, हे पैसे प्रभूचे होते, परत करायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "परभूचे होते, तं लोकाइपुढं तुमी काऊन काढले?"

मी व्हिडिओचं विचारलं. ते म्हणाले, इथून काढला, पण तो पाहुण्यांकडे गेला, तिथून कुठे कुठे गेला, आता माझ्या हातात नाही. मग आवाज उतरवून म्हणाले, तुझ्यात हाक आहे, मी मानतो. प्रार्थनाघराच्या मंडळीकडून सेविका म्हणून नेमतो. महिन्याचा पगार लावून देतो. गावोगावी जाऊन सांग. फक्त काय सांगायचं ते आधी मला दाखवत जा.

पगार मला हवा होता. खोटं कशाला लिहू. पोर नववीत जाणार होती.

मी म्हटलं, "मी सांगीन. पण तुमच्या पगारावर नाई. जेथं जेथं तुमचा व्हिडिओ गेला, तेथं तेथं जाऊन सांगीन. माहा माणूस पेत नोहता, हे पयले सांगीन. मंग येशूचं."

पास्टरबाई म्हणाल्या, मंडळीच्या कागदाशिवाय तुला कोण उभं करेल? मी म्हटलं, वावरात वाकूनच बोलते मी, उभं कोणी नाही केलं तरी चालते.

मग पदराची गाठ सोडली. नोटा टेबलावर ठेवल्या.

"मोजा."

पास्टर म्हणाले, विश्वास आहे.

मी म्हटलं, मोजा.

त्यांनी मोजले. पूर्ण भरले.