शेंदराखालचा माणूस

माझा उजवा हात आज चालतो तो एका म्हातारीमुळे. ती शेळ्या चारायची. पायात टायरच्या चपला, तोंडात दोनच दात, डोळ्यांत मोतीबिंदू. कादवा नदीच्या खोऱ्यातलं तिचं गाव कोणतं ते सांगत नाही. आधी तिला हात जोडतो, मग पुढचं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी चंद्रपूरकडून ओझरला आलो. शाळा सातवीत सुटलेली. एका खाणावळीत कांदे चिरायचो. इतिहासाचं पुस्तक अर्धं राहिलं होतं, ते पायांनी पुरं करावं असं डोक्यात बसलं. सुट्टीला नदीच्या कडेकडेनं जायचं. वाटेत गढी दिसो, बारव दिसो, किल्ला दिसो, बघून यायचं. मी तसा भित्रा. कुत्रं भुंकलं तरी वाट बदलायचो. दगडांची मात्र भीती वाटत नसे.

एका किल्ल्याच्या पायथ्याला शेंदूर फासलेला, कंबरेएवढा दगड होता. लढून मेलेल्या माणसाचे असे दगड आमच्याकडे उघडेच बांधावर पडलेले असतात. शेंदराखाली तलवारीचं टोक असावं असं वाटलं. खिशात कांद्याची सुरी होती. कडेनं जरासं खरवडलं, तर पिढ्यान्‌पिढ्यांचा थर एकदम सुटून खाली पडला आणि फुटला.

आत माणूस होता. हातांत ढाल-तलवार, छातीत बाण, पायाशी गाई. मी बघतच राहिलो.

पहिली काठी मानेवर बसली. दुसरी पाठीत. उताणा पडलो तेव्हा चार-पाच जण दिसले.

"देव सोलतो व्हय रे?"

"मी चोर नाही जी! बघत होतो जी!"

"जी म्हणतो! कुठलं पार्सल हाय हे?" एक जण हसला आणि त्यानं हसत हसतच बरगडीत लाथ घातली. श्वास आत गेला तो बाहेर येईना. कोणीतरी वहाण काढून तोंडावर मारत होतं, मोजल्यासारखी. ओठ फाटला. दात जिभेवर आला, तो मी गिळला. नाकातलं रक्त दगडाच्या पायरीवर पडलं, तर त्याच्यावरूनही मारलं: "देव बाटवला!" मग दोघांनी माझा उजवा हात पायरीवर दाबून धरला. तिसऱ्यानं डोक्याएवढा धोंडा उचलला.

"ह्याच हातानं सुरी धरली ना?"

मी आईला हाक मारली. ती पार चंद्रपूरकडं.

तेवढ्यात शेळ्या मध्ये घुसल्या आणि त्यांच्यामागून म्हातारी. ती सरळ माझ्या हातावरच बसली.

"उठ आजे, तुला लागंल."

"लागू दे. देव उघडा पडला, दिवस बुडायच्या आत झाकायचा कोणी? ज्यानं उघडला त्यानंच ना? तुझा आजा काय सांगायचा?"

"मग झाकंल की."

"डाव्या हातानं? हा मोडला तर डावाच उरतो. लावू दे डाव्या हातानं देवाला शेंदूर, अन् मग गावात काय व्हईल ते तूच निस्तर."

धोंडा थोडा वेळ तसाच वर राहिला. मग बाजूला पडला.

शेंदूर आला, तेल आलं. काठ्या मागे उभ्या. मी उजव्या हातानं लावायला लागलो, तशी ती जवळ सरकली. तिनं बोटांनी चाचपून आधी ढाल पाहिली, मग तो बाण.

"जन्मभर पाया पडले," ती हळूच म्हणाली, "आत कोण हाय ते म्हाईतच नव्हतं. कोण रं हा? काय झालं व्हतं त्याला?"

मला सांगता येत होतं. पण तोंड एवढं सुजलेलं, की नुसता आवाज निघाला. गाई झाकल्या, मग तलवार, मग चेहरा. तिनंच मला एसटीपर्यंत पोचवलं.

आठ-नऊ वर्षं झाली. तिकडं जाणारी दिंडोरीची गाडी दिसली की अजून उजवा हात खिशात जातो. पण आजी, मी येणार आहे. तुझ्या शेजारी बसून, तो कोण होता, कोणाच्या गाईंसाठी मेला असेल, हे सगळं तुला नीट सांगणार आहे.