सर्व्हरला लावलेलं कुंकू

सर्व्हर रूममध्ये धूळ जाऊ नये म्हणून आम्ही सगळेच चपला बाहेर काढत असू. गुल्हाणेकाका मात्र चपला काढून उंबऱ्याला हात लावायचे, तो कपाळाला टेकवायचे आणि आतल्या काळ्या कपाटाला विचारायचे, "काय बाप्पा, बरं हाय ना?" मी नोकरीला नवी असताना मला हसू आवरेना. ते वळून म्हणाले, "हास, हास. तुले पगार कोन देते? हाच देते!"

वर्ध्याच्या एका टोकाला आमचं हॉस्पिटल. काका तिथल्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. सगळ्या पेशंटांची माहिती एका युनिक्स सर्व्हरवर चाले, पण साठवलेली असे शेजारच्या डिस्कांच्या कपाटात. दोघांना जोडणाऱ्या काचतंतूच्या केबली दोन. एक तुटली तर काम दुसरीवरून चालावं, हे पाहणाऱ्या सॉफ्टवेअरला मल्टिपाथ ड्रायव्हर म्हणतात. मला ते काही केल्या समजेना. काका वैतागून म्हणाले, "तू आर्वीले कशी जातं? खरांगण्यावरून. तो रस्ता बंद असला त? पुलगाववरून. कोनत्या रस्त्यानं गाडी सोडाची ते डेपोतला कंट्रोलर ठरवते. हा ड्रायव्हर म्हंजे तो कंट्रोलर. झालं! एवढ्यासाठी इंजिनेरिंग केलं काय व तू?"

त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. "मेलेला रस्ता परवडला, पोरी. अर्धमेला नाई परवडत." रस्ता पुरता बंद पडला की ड्रायव्हर तो सोडून देतो. पण मध्येच चालू, मध्येच बंद असा असला, की कंट्रोलर पुन्हा पुन्हा तिकडेच गाड्या सोडतो आणि सगळ्या अडकून पडतात. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की ते तोंड उघडायच्या आत मीच म्हणून टाकायची.

त्या वर्षी सुमनकाकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, घशाचा कॅन्सर निघाला. उपचार आमच्याच हॉस्पिटलात. रोज सकाळी काका त्यांना स्कूटरवरून आणत आणि किरणोपचाराच्या व्हरांड्यात बसवून वर येत. काकू दोन दिवसांत त्या व्हरांड्याच्या मालकीण झाल्या. घसा भाजलेला, आवाज घोगरा, तरी बोलणं बंद म्हणून नाही. अल्लीपूरच्या गंगाबाई त्यांच्या खास मैत्रीण. किरण कुठे, किती आणि कोणत्या कोनातून द्यायचे तो प्रत्येकीचा आराखडा आमच्या त्या डिस्कांवर आहे, असं काकांनी काकूंना सांगून ठेवलं होतं. त्यांनी ते सगळ्या बायकांना सांगितलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही मशीनपूजा करतो. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ दाराबाहेर फोडायचा. त्या वर्षी काकूंनी आपल्या करंड्यातलं कुंकू पुडीत बांधून पाठवलं. "माहा जीव तुमच्या त्या डब्यात हाय. त्याले माह्या हातचं कुंकू लावजा," असा निरोप. मी ताट धरलं. काकांनी पुढून टिळे लावले आणि मागच्या बाजूलाही जाऊन आले. डोळे पाणावले होते. मी चेष्टा केली नाही.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं अडकलं. किरणांच्या मशीनवर आराखडा उघडेना. सर्व्हरच्या पडद्यावर ओळींमागून ओळी पळत होत्या: रस्ता गेला, रस्ता आला, गेला, आला. "अर्धमेला," मी म्हणाले. ड्रायव्हरची नवी आवृत्ती आम्ही नुकतीच टाकली होती, म्हणून संशय तिच्यावर. ती काढून जुनी टाकली, सर्व्हर बंद करून चालू केला. तेच. सेटिंगा बदलल्या. तेच. खाली व्हरांडा भरला होता. ज्या बायका एसटीने येऊन बसल्या होत्या त्यांना संध्याकाळी तसंच परत पाठवलं. त्यांत काकूही होत्या.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचे साहेब येऊन दारात उभे राहिले. कंपनीचा माणूस फोनवर होता. म्हणाला, "सर, फाइल सिस्टीम को फोर्स रिपेअर कर दीजिए, थोडा डेटा जाएगा, पर चालू हो जाएगा." साहेब म्हणाले, "करून टाका, गुल्हाणे." काकांचा हात कीबोर्डवरून मागे आला. "थोडा डेटा? कोनाचा थोडा? त्याच्यात गंगाबाई हाय. माही बायको हाय. मी नाई करत. काढून टाका मले पाह्यजे त." साहेब आपटत निघून गेले. काका माझ्याकडे वळले. इतका हरलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "पोरी, आता मले काईच सुचून नाई राह्यलं व." मला रडूच फुटलं. मला तरी काय सुचत होतं!

शेवटी काही करायचं म्हणून केबल बदलून पाहू, असं म्हणत ते कपाटामागे गेले. मी डोकावले. दुसरी केबल उपसून हातात धरली होती आणि तिच्या टोकाकडे ते बघत होते. टोकाला लाल लागलं होतं.

"ह्याच बोटांनी," ते म्हणाले. नवमीला जोडणीच्या पट्टीवर टिळा लावायला जागा होईना, म्हणून त्यांनी ती केबल क्षणभर काढली होती. एक काढली तरी दुसरीवर चालतं, त्यासाठीच तर दोन असतात! कुंकवाच्या बोटांनीच ती परत खोचली. काचेच्या तंतूवर कणभर कुंकू. प्रकाश अर्धा जायचा, अर्धा अडायचा. सुट्टीच्या दिवशी काम नव्हतं म्हणून निभावलं आणि कामाचा भार आल्यावर रस्ता अर्धमेला झाला.

काका खाली फरशीवर बसले. "सुमननं देल्लं होतं व," एवढंच म्हणाले. मग उठले, स्पिरिटने टोक पुसलं, भिंगातून पाहिलं, परत पुसलं. केबल उपसताच पडद्यावरच्या ओळी थांबल्या होत्या, ती परत बसवल्यावरही पुन्हा सुरू झाल्या नाहीत. एकही आराखडा गेला नव्हता. खाली मशीन सुरू झाल्याचा निरोप आला आणि मी हुश्श केलं.

संध्याकाळी मी काकांबरोबर खाली गेले. काकूंनी विचारलं, "काय झालतं हो?" काका म्हणाले, "काई नाई. सॉफ्टवेअरची भानगड. तुह्या कुंकवानं निभावलं." काकू एवढ्या खुलल्या! घोगऱ्या आवाजात त्यांनी सगळ्या व्हरांड्याला ते सांगितलं.

उन्हाळ्यात काकू गेल्या. ते दिवस चुकल्याने काही फरक पडला नाही, चुकलेले किरण नंतर भरून काढले होते, असं डॉक्टरांनी काकांना नीट समजावलं. काकांनी मान डोलवली. पण नंतर जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून ते न जेवता बसायचे आणि मध्येच मला विचारायचे, "खरंच नसन काय पडला फरक?" नाही पडला, काका. मी रोज तेच सांगायची. रोज तेच विचारायचे.

पुढच्या नवमीला गंगाबाई तपासणीला आल्या होत्या. बऱ्या झाल्या होत्या, अंगावर थोडं मांस आलं होतं. जिना चढून त्या आमच्या दाराशी आल्या आणि कमरेची पुडी काढली. "सुमनबाईच्या कुंकवानं मशीन चालू झालती ना, भाऊ? ह्या वर्षी माह्यं लावा. खाली लय बाया बसल्या हायेत." आता हे काय करतात!

काकांनी दोन्ही हातांनी पुडी घेतली. चपला काढल्या, पण आत गेले नाहीत. खाली वाकून उंबऱ्याला टिळा लावला. मग रुमालाने एकेक बोट पुसलं, बेसिनवर जाऊन साबणाने हात धुतले, परत पुसले, उजेडात धरून पाहिले. गंगाबाई उभ्याच होत्या.

"सुमनबाईचं लावलं होतं, तसंच लावलं ना भाऊ?"

काका म्हणाले, "नाई, माय. तुह्यं नीट लावलं."