काशीदकाकूंनी चाव्या परत केल्या

बोईसरच्या कारखान्यांजवळ एक चार मजली इमारत आहे. तिथे राहणारे बहुतेक सगळे बाहेरून आलेले: जळगावचे, सांगलीचे, बिहारचे, काही जवळच्या माहीम-वाणगावचे. मे महिना, गणपती, दिवाळी, छठ अशी इमारत आळीपाळीने रिकामी होते. गावी निघालेला माणूस बॅग रिक्षात ठेवतो, मागे फिरतो आणि पहिल्या मजल्यावरच्या ज्ञानेश्वरी काशीद यांच्या हातात घराची चावी देतो.

चावीबरोबर सूचना येतात. ‘फक्त तुळशीला पाणी घाला, काकू’ एवढ्यावर सुरू झालेलं वाक्य जिना उतरेपर्यंत वाढत जातं. गॅसची टाकी घ्यायची, इन्व्हर्टर बघायचा, माशांना दाणे टाकायचे. तिसऱ्या मजल्यावरची हेतल शाह एकदा वापीला माहेरी जाताना विरजण देऊन गेली. तीन आठवडे रोज नवं दही लावून काकूंनी ते टिकवलं. काकूंना दही आवडत नाही.

गेल्या एप्रिलपर्यंत त्यांच्याकडे चौदा चाव्या होत्या: तेरा लोकांच्या, एक स्वतःची. इथे राहायला आल्यापासूनच्या आठ वर्षांत त्या स्वतः बार्शीला माहेरी एकदाच गेल्या होत्या, भाचीच्या लग्नाला, दोन दिवस. दोन्ही दिवस त्या फोनवर होत्या.

एप्रिलमधल्या एका दुपारी वरची सगळी कामं उरकून त्या आपल्या दाराशी आल्या आणि एकेक चावी लावू लागल्या. चौदाही लावून झाल्या. दार उघडेना. रात्रपाळी करून झोपलेले त्यांचे यजमान शिवाजी काशीद उठून आले, त्यांनी आतून कडी काढली आणि म्हणाले, “मी घरात असताना चावी कशाला?” काकू उंबऱ्यातच बसल्या. त्यांना उठता येईना.

पालघरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर तपासली. सगळं ठीक होतं.

“काम काय करता?”

“काही नाही. घरीच असते.”

डॉक्टरांनी कालचा दिवस कागदावर लिहून द्यायला सांगितलं. काकूंनी पाठपोट लिहिलं.

“यातलं तुमच्या घरातलं कुठलं?”

काकूंनी शोधलं. एक ओळ सापडली: शिवाजींचा डबा.

“पंधरा दिवस माहेरी जा,” डॉक्टर म्हणाले. “त्याआधी चाव्या परत करा. आज उंबऱ्यात बसलात, पुढच्या वेळी जिन्यात पडाल.”

सांगायला सोपं होतं. पण त्या इमारतीत चावी परत येते ती भांडण झाल्यावरच. काकू चावी घेऊन दारात उभ्या राहिल्या की समोरचा चेहरा उतरायचा.

“काकी, कोणी काही बोललं का?” हेतलने विचारलं.

“नाही गं.”

“मग मीच काही बोलले?”

बोलली नव्हती हे पटवायला बसावं लागलं. बसलं की चहा आला. गोष्ट उंबऱ्यापासून सांगावी लागली. चहा संपेपर्यंत हेतलला पटलं, पण तिच्या सासूबाई बाहेरून आल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. तेरा घरांना अकरा दिवस लागले. विश्रांती घेण्याच्या या कामाने काकू इतक्या दमल्या, की मधे दोन दिवस सुट्टी घ्यावी लागली.

शेवटचं दार प्रफुल्ल मेहेरचं. हा माहीमचा, एका कारखान्यात पॅकिंगला.

“काकी, आमचं काय चुकलं काय?”

“काही नाही.”

“मग चावी ठेवा तुमच्याकडं. वापरू नका पायजे तर.”

“वापरायची नाही तर ठेवू कशाला?”

“आमाला बरं वाटतं.”

काकूंनी थोडा विचार केला, चावी त्याच्या चपलांच्या रॅकवर ठेवली आणि निघाल्या. “चहा तरी घ्या,” तो मागून म्हणाला. त्या थांबल्या नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी फ्रिजवर एका वाटीत चार चाव्या दिसल्या.

“या कुणाच्या?”

शिवाजींनी पेपर वर धरला. “गेटवर लोक हातात देतात. नाही कसं म्हणायचं?”

“तोंडानं.”

“मिथुन बिचारा बिहारला, छपऱ्याला निघालाय. रिक्षा उभी होती त्याची.”

काकू वाटीकडे बघत उभ्या राहिल्या. मिथुनच्या घराच्या दाराचं कुलूप जरा वर उचलून फिरवावं लागतं, हे शिवाजींना ठाऊक नव्हतं. सांगायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि त्या साड्या भरायला गेल्या.

बार्शीला पहिले दोन दिवस त्या झोपल्या. जेवायला उठल्या, पुन्हा झोपल्या. भावजय दोनदा आत येऊन श्वास चालू आहे का बघून गेली. तिसऱ्या दुपारी फोन वाजला.

“अगं, यातली मिथुनची कुठली?”

“ज्या दाराला लागेल ती.”

“लावून बघितली. फिरत नाही.”

काकूंनी उशी सारखी केली.

“बरं, त्याच्या तुळशीला पाणी रोज घालायचं का एक दिवसाआड?”

उत्तर त्यांना पाठ होतं. एक दिवसाआड, सकाळी, अर्धा तांब्या. एवढं सांगितलं तर पुढे इन्व्हर्टर येणार, मग टाकी, मग याही वेळी सगळे दिवस फोनवर.

“मिथुनला विचारा,” त्या म्हणाल्या. “नंबर आहे ना?”

“आहे.”

“मग ठेवते.”

त्यांनी फोन बंद करून उशाखाली सरकवला आणि कूस बदलली. भावजय चहाला उठवायला आली, तेव्हा त्या घोरत होत्या.