'पुलुह'नंतरची जोडी

इंद्रगिरी नदीच्या मुखाशी आमच्या गावात नारळ गाऊन मोजतात. मोजायचं काम म्हाताऱ्या पाक जुंब्रींचं; पाक म्हणजे बाबा, वडीलधाऱ्याला आम्ही असंच म्हणतो. ते धक्क्यावर बसत, दोन्ही हातांत एकेक नारळ घेत, ती जोडी व्यापाऱ्याच्या होडीत टाकत आणि आकडा गात. आमच्या भाषेत मोजकेच शब्द पाठ केले की कोणालाही शंभरापर्यंत जाता येतं. वीस म्हणजे 'दुआ पुलुह', दोन दहा. एकवीस म्हणजे दोन दहा एक. त्यामुळे प्रत्येक बागवाला शेजारी बसून मनात मोजायचा. तरी पाकांच्या मोजणीवर कधी कोणी बोट ठेवलं नव्हतं.

या मोसमात माक रुकायाने ठेवलं; माक म्हणजे आई. नवरा गेल्यापासून बाग तीच बघायची. होडी निम्मी भरली तशी ती उठून त्यांच्यापुढे उभी राहिली.

"थांबा, पाक! 'पुलुह' म्हणून श्वास घेताय, तेवढ्यात एक जोडी न मोजता फुकट गेली."

"श्वासही घ्यायचा नाही का, बाई?"

"घ्या की! पण हात आवरून घ्या. व्यापाऱ्याने काही चारलंय का?" मग तिची नजर माझ्याकडे वळली, कारण मी त्याच व्यापाऱ्याचा हिशेबनीस. "आणि हे साहेब बसलेत मांजरासारखे डोळे मिटून!"

मी डोळे मिटले नव्हते. पण आकडा ऐकत होतो, हाताकडे बघत नव्हतो.

पाक लाल झाले. "काढा सगळे बाहेर. एक जरी जास्त निघाला तर पुन्हा कधी मोजायला बसणार नाही."

माक रुकायाने नारळ स्वतः मोजले, गाणं न म्हणता. बरेच जास्त निघाले.

"दम पुरत नाही आता," पाक हळूच म्हणाले. "श्वास घेताना तोंड थांबतं, हाताला कळत नाही."

"आणि मागच्या मोसमांत? तेव्हा दम होता ना?"

पाक गुडघ्यांवर हात टेकून उठू लागले.

व्यापारी आला. त्याने नवा आकडा ऐकला आणि लगेच मान डोलावली. मीठ घेतानाही घासाघीस करणारा माणूस! माक रुकायाने माझ्याकडे पाहिलं, मी पाकांकडे. ते उठून वाटेला लागले होते.

त्यानंतर त्यांनी नारळाला हात लावला नाही. दम गेला म्हणून, की पकडले गेले म्हणून, यावर गावात अजून एकमत नाही. माझंही माझ्याशी झालेलं नाही.